दम संपल्यावर

फॉर्म तीन दिवस फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता. पहिल्या पानावर डोक्याला मार बसल्यावर काय काय होऊ शकतं याची यादी, दुसऱ्या पानावर पालकांच्या सहीची जागा. लेक पंधरा वर्षांचा. अंगापिंडाने थेट त्याच्या मामावर गेलेला. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या कोचने त्याला सांगितलं होतं, तू लाइनमध्ये चांगला उभा राहशील, लेफ्ट टॅकल म्हणून. लाइन म्हणजे समोरच्यांना अडवणारी पुढची फळी, आणि लेफ्ट टॅकल तिच्यात डावीकडे. तो येता-जाता त्या फॉर्मकडे बघायचा, माझ्याकडे बघायचं टाळायचा.

न्यू जर्सीत राहून आम्हाला अठरा वर्षं झाली, तरी हा खेळ मी कधी मनापासून पाहिला नव्हता. थँक्सगिव्हिंगला कुणाच्या घरी टीव्ही चालू असला की आम्ही बायका स्वयंपाकघरात असायचो. आता मात्र प्रश्न माझ्या घरात, माझ्या फ्रिजवर होता. रात्री सगळे झोपल्यावर मी वाचायला बसले. लेफ्ट टॅकल नेमका उभा कुठे राहतो, त्याचं काम काय, एवढंच शोधायचं होतं. शोधता शोधता १९०९ सालच्या एका लेफ्ट टॅकलपाशी येऊन थांबले. त्या रात्री पुढे काही वाचता आलं नाही.

त्याचं नाव युजीन बर्न. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचा मुलगा, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतला कॅडेट. ३० ऑक्टोबर १९०९, शनिवार. हार्वर्डचा संघ हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंटला खेळायला आला होता. हॅरी नेली हे आर्मीचे, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या संघाचे, कोच, त्यांचा हा दुसरा मोसम. तोवर चार सामने झाले होते. टफ्ट्स, ट्रिनिटी आणि लीहाय यांना हरवलं होतं आणि येलकडून १७-० असा मार खाल्ला होता. हार्वर्ड तेव्हा देशातल्या सगळ्यांत बलाढ्य संघांपैकी एक. त्या दुपारी ते ९-० ने पुढे होते आणि खेळ संपत आला होता.

आता तो खेळ कसा होता हे सांगायला हवं, कारण आज टीव्हीवर दिसतो तसा तो नव्हता. चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, १९०६ सालीच परवानगी मिळाली होती. पण अटी इतक्या जाचक की बहुतेक कोच त्या वाटेला फारसे जात नसत. मग उरायचं काय, तर ढकलणं. ज्याच्या हातात चेंडू त्याच्याभोवती आपले गडी एकमेकांना धरून गोळा होणार, काही मागून त्याला रेटणार, काही पुढून ओढणार, आणि तो सगळा गठ्ठा समोरच्या लाइनीतल्या एकाच माणसावर जाऊन आदळणार. याला ते 'मास प्ले' म्हणत. जिथे भिंत कच्ची वाटेल तिथे पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी. कबड्डीतली साखळी आपण लहानपणापासून पाहतो, मनगटात मनगट अडकवून चढाईवाल्याला घेरणारी. तीच साखळी वीसेक पावलांवरून धावत एका माणसावर तुटून पडते आहे असं डोळ्यांपुढे आणा. बहुतेकांच्या डोक्याला हेल्मेट नाही, असलं तर मऊ चामड्याचं. कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेट सक्तीचं व्हायला १९३९ साल उजाडावं लागलं.

हार्वर्डच्या चाली त्या दिवशी आर्मीच्या डाव्या टॅकलच्या बाजूने येत होत्या. बर्न दमला होता. वारंवार त्याच्यावरच सगळा भार येत होता आणि तो उठून पुन्हा आपल्या जागी उभा राहत होता. मग अशीच एक चाल आली. गठ्ठा आदळला, ढीग पडला, ढीग उठला, आणि सगळ्यांत खालचा उठला नाही. मानेचे मणके सरकले होते. सामना तिथेच थांबवला गेला. अकादमीच्या इस्पितळात डॉक्टरांनी रात्रभर हाताने कृत्रिम श्वास देत त्याला जगवलं. आपोआप श्वास देणारी यंत्रं तेव्हा सर्रास वापरात नव्हती. माणसाने माणसाची छाती दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. ३१ ऑक्टोबरच्या पहाटे, रविवारी, त्याचा श्वास संपला.

ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ते हात कुणाचे असतील, एकाचे भरून आले की दुसऱ्याने जागा घेतली असेल, खिडकीबाहेर बराकीत बाकीची मुलं जागी असतील.

माझा दादा कबड्डी खेळायचा. सांगलीत, मंडळाच्या मातीच्या मैदानावर. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, त्याचा टॉवेल आणि लिंबूपाणी सांभाळत कडेला बसणारी. त्याची चढाई सुरू झाली की मी नकळत माझाही श्वास धरायची. तो आत कुठपर्यंत गेलाय यापेक्षा त्याच्या तोंडातला 'कबड्डी कबड्डी' ऐकू येतोय ना, हे मी कान देऊन ऐकायचे. आवाज चिरकायला लागला की कळायचं, आता दम संपत आला, आता तो फिरेल. आणि तो फिरायचा. हातातोंडाशी आलेला गुण सोडून मध्यरेषेकडे झेपावायचा. एकदा एका मोठ्या सामन्यात तो फिरला नाही. पाच जणांनी धरला, आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. नंतर हात गळ्यात अडकवून बसलेला असताना तो मला म्हणाला होता, "अगं, दम होता म्हणून आत गेलो नव्हतो. परत यायची लाज वाटली." मी तेव्हा दहा वर्षांची होते. ते वाक्य मला त्या वयात कळलं नव्हतं.

बर्नची गोष्ट वाचताना ते मला पहिल्यांदा नीट कळलं. कबड्डीचा अख्खा खेळ दमाभोवती बांधलेला आहे. श्वास संपला की तू बाद, म्हणून श्वास संपायच्या आत घरी ये, हे खेळाडूने स्वतःच ओळखायचं. आणि बाद झालेला गडीसुद्धा कायमचा बाहेर जात नाही. आपल्या संघाने समोरचा एखादा टिपला की तो उठतो, पुन्हा आत येतो. १९०९ च्या फुटबॉलमध्ये यातलं काहीच नव्हतं. त्या वेळच्या नियमाने जो खेळाडू मैदानाबाहेर गेला, त्याला त्या सामन्यात परत येता येत नसे. एकदा बाहेर म्हणजे बाहेर. मग दमलेला, मार बसलेला मुलगा काय करेल? आणि तो मुलगा कॅडेट असेल तर? जिथे पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं की नेमून दिलेली जागा सोडायची नाही, तिथे वाढलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा हात वर करून 'मला बाहेर काढा' म्हणेल?

मला नाही वाटत.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी वाचून मी थबकले. एकाच जागेवर सगळी ताकद एकवटून आदळायची ही कल्पना ज्याने टोकाला नेली, तो लॉरिन डेलँड नावाचा बोस्टनचा माणूस. स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता. बुद्धिबळाचा शौकीन, आणि नेपोलियनच्या मोहिमांचा अभ्यासक. शत्रूच्या फळीतला एक बिंदू हेरायचा आणि सारं सैन्य तिथे लोटायचं, हे तत्त्व त्याने युद्धाच्या पुस्तकांतून उचललं आणि मैदानावर आणलं. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध त्याची 'फ्लाइंग वेज' वापरली, म्हणजे धावत येऊन आदळणारी माणसांची पाचर. दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली, पण तिची भावंडं पुढे पंधरा वर्षं जगली. रणांगणातून मैदानावर आलेली ती युक्ती शेवटी एका होऊ घातलेल्या सैनिकाच्याच मानेवर येऊन पडली. लष्करी अकादमीच्या पटांगणावर, कवायतीच्या गवतावर.

त्या वर्षी नौदलाच्या अकादमीतही तेच घडत होतं. बर्नच्या दोनच आठवडे आधी, १६ ऑक्टोबरला, अ‍ॅनापोलिसचा क्वार्टरबॅक अर्ल विल्सन व्हिलानोव्हाविरुद्ध खेळताना मानेला मार बसून लुळा पडला. बर्न गेला तेव्हा विल्सन इस्पितळात होता. पुढच्या एप्रिलमध्ये तोही गेला. नोव्हेंबरात व्हर्जिनिया विद्यापीठाचा आर्चर ख्रिश्चन नावाचा मुलगा जॉर्जटाउनविरुद्धच्या सामन्यानंतर दगावला. आणि हे काही अचानक नव्हतं. चार वर्षांपूर्वी, १९०५ च्या एका मोसमात, वर्तमानपत्रांनी किमान १८ मृत्यू मोजले होते. त्यात शाळकरी मुलं बरीच. त्याच ऑक्टोबरात खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावून समज दिली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता आणि त्याच मोसमात नाक फोडून घेणार होता. नोव्हेंबरात युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना गेला आणि मग कॉलेजांनी एकत्र येऊन एक संघटना काढली, जिला आज सगळे एनसीएए म्हणून ओळखतात, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी. तिचे पहिले अध्यक्ष होते कॅप्टन पामर पियर्स, वेस्ट पॉइंटचेच अधिकारी. म्हणजे मुलांचे जीव वाचावेत म्हणून जी संस्था उभी राहिली तिच्या खुर्चीवर वेस्ट पॉइंटचा माणूस बसलेला असताना वेस्ट पॉइंटचाच मुलगा गेला. पियर्स यांना त्या रविवारी काय वाटलं असेल, याचा मी खूप विचार केला.

पण त्यानंतर अकादमीने जे केलं त्यासाठी मला तिच्याबद्दल आदर वाटतो. मोसम तिथेच बंद केला. उरलेले सगळे सामने रद्द, त्यात आर्मी-नेव्हीचा सामनाही. वर्षभर दोन्ही अकादमीतली मुलं ज्या एका दिवसासाठी राबतात, तो दिवस त्या साली आलाच नाही. ३ जिंकले, २ हरले, एवढ्यावर तो हिशेब थांबलेला आहे. हार्वर्डचा मोसम पुढे चालू राहिला. त्यांना दोष द्यायला मी बसलेली नाही. पण जिथे माघार हा शब्द शिकवला जात नाही, त्या संस्थेला थांबता आलं, याचं मोल मला फार मोठं वाटतं. जे बर्नला त्या दुपारी म्हणता आलं नाही ते त्याच्या संस्थेने त्याच्यासाठी म्हटलं. उशिरा म्हटलं, हेही खरंच.

एका रविवारी मी एकटीच गाडी काढून वेस्ट पॉइंटला गेले. आमच्या घरापासून सव्वा तासाचा रस्ता. बेअर माउंटन मागे पडला की नदी अरुंद होते आणि वळण घेते, आणि त्या वळणावर करड्या दगडाच्या इमारती दिसायला लागतात. ओळखपत्र दाखवून पास घेतला. ज्याला ते नुसतं 'द प्लेन' म्हणतात ते कवायतीचं मैदान अजून तसंच आहे, कापून काढल्यासारखं हिरवं. इथेच १८९० साली पहिला आर्मी-नेव्ही सामना झाला. तो घडवून आणणारा कॅडेट डेनिस मिकी, वेस्ट पॉइंटच्याच एका प्राध्यापकाचा मुलगा. पहिला सामना आर्मी २४-० ने हरली. आठ वर्षांनी, १ जुलै १८९८ ला, तो क्यूबाच्या लढाईत सान हुआनपाशी मारला गेला. वरच्या टेकडीवरच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. लढाईत गेलेल्या मुलाच्या नावाचं स्टेडियम झालं. मैदानावर गेलेल्या मुलाची आठवण नियमांच्या पुस्तकात, त्याचं नाव न घेता, राहिली.

कारण १९१० मध्ये नियम खरोखर बदलले. चेंडूवाल्याला मागून ढकलणं आणि पुढून ओढणं बंद. एकमेकांना धरून साखळी करणं बंद. लाइनीवर सात माणसं उभी असलीच पाहिजेत, म्हणजे मागून धावत येणारा गठ्ठाच जमू नये. दोन लांबलचक अर्ध्यांऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, मध्ये श्वास घ्यायला जागा. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बाहेर गेलेल्या खेळाडूला पुढच्या भागाच्या सुरुवातीला परत आत येण्याची मुभा. दोन वर्षांनी डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणारे प्रयत्न, तीनाचे चार झाले आणि पासवरची अंतराची मर्यादाही गेली. त्या साली, १९१२ मध्ये, आर्मीच्या संघात आयसेनहॉवर नावाचा एक मुलगा होता. टफ्ट्सविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि त्याचं खेळणं कायमचं संपलं. तोच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. वर्षभराने, १ नोव्हेंबर १९१३ ला, नोत्र दाम नावाच्या तोवर फारशा गाजावाजा नसलेल्या कॉलेजने वेस्ट पॉइंटला येऊन आर्मीला ३५-१३ असं हरवलं. त्यांच्या गस डोरेसने १७ पैकी १४ पास पोचवले, २४३ यार्ड. चेंडू हवेतून जात होता आणि आर्मीची मुलं मान वर करून बघत होती. बर्न पडल्याला त्या दिवशी चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते.

दफनभूमी मैदानाच्या उत्तरेला आहे, नदीच्या अंगाला. बर्नला तिथेच पुरलं. मी आत बराच वेळ फिरले. ऑक्टोबर असल्याने मेपलची पानं पडत होती आणि एक म्हातारे गृहस्थ हातातल्या छोट्या झाडूने एका दगडावरची पानं सावकाश काढत होते. आम्ही एकमेकांना मान लववली, बोललो नाही.

पलीकडच्या काठावर गॅरिसन नावाचं गाव दिसतं. त्या गावात हॅमिल्टन फिश जन्मला. १९०९ च्या हार्वर्ड संघाचा तो कर्णधार, आणि तोही टॅकलच. फिश पहिल्या महायुद्धात लढला, नंतर काँग्रेसमध्ये निवडून गेला, आणि १९२० च्या डिसेंबरात त्यानेच ठराव मांडला की फ्रान्समध्ये पडलेल्या एका अनोळखी अमेरिकन सैनिकाचा देह मायदेशी आणून मानाने पुरावा. आर्लिंग्टनची अज्ञात सैनिकाची समाधी त्यातून उभी राहिली. तो १०२ वर्षं जगला, १९९१ पर्यंत. त्यालाही गॅरिसनमध्येच, सेंट फिलिप्स चर्चच्या आवारात पुरलेलं आहे. एका काठावर बर्न, दुसऱ्या काठावर फिश, मध्ये हडसन. एकाला वीस-बावीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला शंभराच्या वर. त्या अनोळखी सैनिकासाठी बोलताना फिशच्या मनात ती ऑक्टोबरची दुपार होती की नाही हे मला कुणी सांगू शकणार नाही. तरी मला आपलं वाटतं की इतक्या लांब आयुष्यात, समोर ते वळण आणि त्या करड्या इमारती दिसत असताना, ती कधीतरी आलीच असेल.

घरी आले तेव्हा लेक जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याला बर्नची गोष्ट सांगितली. सगळी. मामाच्या हाडाचीही सांगितली, जी त्याला माहीत होती, आणि मामाचं ते वाक्यही, जे माहीत नव्हतं. तो पेन्सिल फिरवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, आता तसं खेळत नाहीत."

"माहितीये मला. नियम बदलले. पण बाहेर यायचं तुलाच म्हणावं लागेल, राजा. ते कुठल्या नियमात नाही."

"आम्ही हेल्मेटवर थापटतो," तो म्हणाला. "दमलो की. दुसरा येतो आत."

"तू थापटशील?"

तो लगेच हो म्हणाला नाही. त्यामुळेच मला धीर आला. थोड्या वेळाने म्हणाला, "थापटेन." मी फ्रिजवरचा फॉर्म काढला.

यंदाच्या मोसमातला तिसरा सामना आमच्याच शाळेच्या मैदानावर होता, शुक्रवारी संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. हवा गार होती आणि मी दादाच्या काळासारखीच टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते, कशासाठी कोण जाणे, इथे मुलांना टॉवेल शाळाच देते. समोरच्या संघात एक मुलगा होता, माझ्या लेकापेक्षा वीतभर उंच, आणि प्रत्येक चालीला तो याच्यावरच येत होता. दुसऱ्या क्वार्टरच्या अखेरीला लेक उठताना एका गुडघ्यावर थांबला. मी श्वास धरला. त्याने उजवा हात वर नेला आणि हेल्मेटवर दोनदा थापटलं. कडेला उभा असलेला दुसरा मुलगा धावत आत गेला. लेक चालत बाहेर आला, बाकावर बसला, हेल्मेट काढलं, कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली तोंडाला लावली. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

तिसरा क्वार्टर सुरू झाला तेव्हा तो परत आपल्या जागी उभा होता, डावीकडे.